अचलपूरचे स्टेशन: चिखलदऱ्याला जाणाऱ्याने येथे थांबावे काय?

चिखलदऱ्याला जाणारा बहुतेक प्रवासी परतवाड्याच्या बस स्थानकावर उतरतो, तेथे चहा-आलूबोंडा घेतो आणि घाटाची गाडी पकडतो. याच परतवाड्याला खेटून असलेल्या अचलपुरात एक रेल्वे स्टेशन आहे, आणि विदर्भाच्या या एकुलत्या एक नावाजलेल्या थंड हवेच्या ठिकाणाला सर्वांत जवळचे स्टेशन म्हणून त्याचा उल्लेख कित्येक वर्षे होत आला, हे त्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक असते. गाडी बंद पडल्यापासून तर तो उल्लेखही मागे पडला. माझे बालपण पथ्रोट आणि अंजनगाव यांच्या मधल्या एका खेड्यात गेले, मावशी अचलपुरात दिलेली होती आणि सुट्टीत तिच्याकडे जाण्याचे आमचे साधन म्हणजे शकुंतला, मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी अरुंद रुळांवरची छोटी गाडी. त्यामुळे हॉटेलाचे किंवा बस सेवेचे परीक्षण लोक लिहितात तसे या स्टेशनाचे आणि त्याच्या बंद पडलेल्या सेवेचे परीक्षण लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. गेल्या श्रावणात चिखलदऱ्याहून परतताना मुद्दाम वाट वाकडी करून तेथे दोन तास काढले आणि मग लिहायला बसलो.

परतवाड्याला ऑटोवाल्याला ‘स्टेशन’ म्हटल्यावर त्याने मला एकदा वरून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, ‘कोनतं टेसन भाऊ? गाडी तं केव्हाचीच बंद झाली ना!’ पाहायलाच जायचे आहे असे सांगितल्यावर तो हसला, पण त्याने नेले. शहाणपणाचा सल्ला असा की, आधी भाडे ठरवून घ्यावे आणि त्याला थांबवून ठेवावे, कारण परतीच्या वाटेवर रिकामा ऑटो मिळेलच याची खात्री नाही. पोहोचल्यावर दिसते ते इतकेच: बंद तिकीट खिडकी, उंबरठ्याइतक्या उंचीचा फलाट, आणि तरोट्यात व गाजरगवतात बुडालेले दोन अरुंद रूळ. रुळांमधले अंतर पाहूनच ही गाडी वेगळ्या जातीची होती हे कळते. मुख्य मार्गावरच्या ब्रॉडगेजचे रूळ 1,676 मिलिमीटर अंतरावर असतात, येथे ते अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट आहे. लहान मुलालाही दोन रुळांवर दोन पाय ठेवून उभे राहता येते. आम्ही ते करीत असू आणि मावशीचा मार खात असू.

स्टेशन नीट समजून घ्यायचे तर ते कोणासाठी बांधले गेले, येथून सुरुवात करावी लागते, कारण त्याचे सगळे गुणदोष त्या एका गोष्टीतून निघालेले आहेत. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. पुढे अमेरिकेतील 1861 ते 1865 च्या यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा 1867 मध्ये नागपूरला पोहोचला, परंतु तो मूर्तिजापूर, बडनेरा असा सरळ पूर्वेकडे निघून गेला आणि दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर, दारव्हा, यवतमाळ ही कापसाची गावे दोन्ही बाजूंना दूर राहिली. तेथला कापूस बैलगाडीने मुख्य मार्गावर आणावा लागे, आणि पावसाळ्यात भारी काळ्या मातीतून बैलगाडी हाकणे म्हणजे काय, हे ज्याने आरीपर्यंत रुतलेले चाक ओढले आहे त्यालाच सांगता येईल.

ही पोकळी भरून काढण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली आणि त्या दशकात मूर्तिजापूर मध्यभागी ठेवून उत्तरेला अचलपूर व आग्नेयेला यवतमाळ असे दोन अरुंद मार्ग टाकले. अचलपूरचा भाग सुमारे 76 किलोमीटरचा आणि यवतमाळचा सुमारे 113 किलोमीटरचा. याच कंपनीचा पुलगाव ते आर्वी हा तिसरा मार्ग होता, आणि दारव्हा मोतीबागहून पुसदकडे जाणारा एक फाटाही होता, जो पुढे उखडला गेला. रूळ कंपनीचे, गाडी चालवणार मुख्य मार्गाची रेल्वे आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला, अशी ही व्यवस्था होती. 1951 मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली, देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली आणि स्वतंत्र भारताची रेल्वे आपल्याच देशातल्या रुळांवर गाडी चालवण्यासाठी करारानुसार पैसे मोजत राहिली. या विचित्र गोष्टीमुळेच शकुंतलेचे नाव पुढे देशभर वर्तमानपत्रांत गाजले. गावातल्या प्रवाशाला मात्र तिचा मालक कोण, याच्याशी कधीच कर्तव्य नव्हते.

आता चिखलदऱ्याचा प्रश्न. हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन 1823 मध्ये तेथे पोहोचला, असे सांगितले जाते, आणि पुढे सुमारे 1,100 मीटर उंचीचे हे पठार वऱ्हाडातल्या साहेबांचे उन्हाळ्यातले विसाव्याचे ठिकाण झाले. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले म्हणून कीचकदरा, ही आपली कथा त्याहून कितीतरी जुनी. अचलपूर तेव्हा एलिचपूर नावाने स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते आणि त्याच्या शेजारचे परतवाडा ही छावणी. असे असताना रेल्वे डोंगरापर्यंत, निदान घाटाच्या पायथ्यापर्यंत का गेली नाही, हा प्रश्न मला लहानपणी पडत असे. त्याचे उत्तर मला पुढे तारखांमध्ये सापडले. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, आणि त्या प्रांताच्या सरकारचे उन्हाळी मुक्कामाचे ठिकाण पचमढी होते. 1905 मध्ये एलिचपूर जिल्हा मोडून अमरावतीत विलीन झाला. म्हणजे गाडी अचलपुरात आली तेव्हा जिल्ह्याचे ठाणे गेलेले होते आणि साहेबांचा ओढा पचमढीकडे वळलेला होता. कंपनीने हिशेब केला तो अंजनगाव-दर्यापूरच्या जिनांचा आणि प्रेसांचा, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यांचा. डोंगर चढायला लागणारा खर्च कापसाच्या गाठींतून निघणारा नव्हता, कारण डोंगरावर कापूस पिकत नाही.

येथे माथेरानशी तुलना केल्याखेरीज राहवत नाही. नेरळ-माथेरान गाडी 1907 मध्ये सुरू झाली, तिचा गेज आपल्याहूनही लहान, 610 मिलिमीटर, आणि ती एका हौशी श्रीमंत घराण्याने, आदमजी पीरभॉय यांनी, केवळ हवा खायला जाणाऱ्यांसाठी बांधली. ती वळणे घेत घेत माथ्यापर्यंत जाते आणि म्हणून आजही तिचे तिकीट मिळवायला रांग लागते. आपली गाडी पायथ्याच्या आधीच थांबली. अचलपूर स्टेशनात उतरलेल्या माणसाला परतवाडा गाठायचे, तेथून घाटांग किंवा धामणगाव गढी यांपैकी एका वाटेने तीस किलोमीटरांहून अधिक घाट चढायचा, म्हणजे रेल्वेने आणलेल्या अंतरानंतरचा खरा कठीण प्रवास त्याच्या त्यानेच करायचा. पर्यटनाच्या दृष्टीने या सेवेला गुण द्यायचे झाले तर मी पाचापैकी एकच देईन, आणि तोही अंजनगाव सोडल्यावर मेळघाटचा डोंगर समोर निळा होत जातो त्या दृश्यासाठी.

परंतु पर्यटकाच्या मापाने तिला मोजणे मला मुळातच पटत नाही. ती ज्यांच्यासाठी धावली त्यांच्या मापाने मोजू. मूर्तिजापूरहून निघाल्यावर लाखपुरीजवळ पूर्णा ओलांडायची, मग दर्यापूरचे बनोसा स्टेशन, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट आणि शेवटी अचलपूर. 76 किलोमीटरांना चार तासांच्या आसपास लागत. ताशी वीस किलोमीटर हा वेग ऐकून आजची मुले हसतात, परंतु त्यामागे कारण आहे. या खोऱ्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर टाकलेला भराव एका पातळीवर राहत नाही. हलके रूळ, हलका पूल आणि हलके डबे यांवर त्या जमिनीत याहून वेगाने धावणे धोक्याचेच होते. कंपनीने बांधकामात वाचवलेला पैसा प्रवाशाने शंभर वर्षे वेळेच्या रूपाने फेडला, असे म्हणायला हरकत नाही.

डब्यातली बाके लाकडी होती. आमच्या लहानपणी इंजिन वाफेचे होते आणि खिडकीत बसलेल्याच्या डोळ्यात कोळशाचा कण हमखास जाई, मग आई पदराचे टोक ओले करून तो काढी. मँचेस्टरला 1921 मध्ये तयार झालेले एक इंजिन 1923 पासून या मार्गावर राबत होते, ते 15 एप्रिल 1994 रोजी निवृत्त झाले आणि त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. सत्तर वर्षे एकाच मार्गावर काम केलेल्या यंत्राला तक्रारीचे शब्द लावणे मला जमणार नाही. खाण्यापिण्याची सोय गाडीत अर्थातच नव्हती. दर्यापूरच्या बाजूचे खोरे खारपाणपट्ट्यात येते, विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, त्यामुळे जाणते लोक घरून गोड्या पाण्याचा तांब्या आणि भाकरी-ठेचा घेऊनच निघत. ज्याने तांब्या आणला नाही त्याला शेजारचा देई. तिकिटाच्या पैशांत ही सोय धरलेली नव्हती, हे कबूल करावे लागेल.

या सेवेचा सर्वांत मोठा गुण तिचे भाडे हा होता. बसच्या तुलनेत ते इतके कमी होते की, शेतमजूर, भाजीची टोपली घेऊन बाजाराला निघालेल्या बाया, दुधाचे डबे नेणारे गवळी आणि शाळा-कॉलेजची मुले यांचीच ती गाडी झाली. अंजनगावच्या मळ्यांतली पानपिंपळी, विड्याची पाने आणि केळी या गाडीने गेलेली मी पाहिली आहेत. पौष महिन्यात बहिरमची यात्रा भरे, तेव्हा रोडग्याच्या पिठाचे डबे घेऊन जाणारी कुटुंबे अचलपुरात उतरत. मुक्तागिरीला जाणारे जैन यात्रेकरूही याच स्टेशनात दिसत. चिखलदऱ्याला निघालेला, गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस मात्र वर्षाकाठी एखादा, आणि तोही चुकून आल्यासारखा. शेवटच्या काळात तर अवघे सात-आठ कर्मचारी सगळी कामे करीत: तिकीट देणारा तोच, इंजिन सोडवणारा तोच आणि फाटक आले की गाडी थांबवून ते लावणाराही तोच. सेवेची तत्परता या सदराखाली मी त्या माणसांना पूर्ण गुण देतो.

मग असे असताना ती बंद का पडली? लोक एका वाक्यात सांगतात की कंपनीचा करार आणि सरकारची अनास्था. त्यात तथ्य आहे, पण माझ्या मते खरा घाव फार आधी बसला होता आणि तो मूर्तिजापूरच्या मालधक्क्यावर बसला होता. अरुंद मार्गावरची कापसाची गाठ रुंद मार्गाच्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, थेट जाऊ शकत नाही. मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ हमालाने उतरवायची आणि पुन्हा चढवायची. बैलगाडीशी स्पर्धा होती तोवर हे चालून गेले. डांबरी सडका आल्या, ट्रक जिनाच्या दारात उभा राहू लागला, 1972 मध्ये राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना (कापूस सरकारलाच विकायचा) आली आणि कापसाची ने-आण तिच्या खरेदी केंद्रांच्या हिशेबाने ट्रकने होऊ लागली. मालाचे उत्पन्न आटले, राहिले ते स्वस्त भाड्याचे प्रवासी. ज्या कापसासाठी रूळ टाकले तोच गाडीत चढेना, तेव्हा दुरुस्तीवर पैसा घालण्याचे कारण कोणालाच उरले नाही. पूल आणि रूळ थकत गेले, आधी यवतमाळची बाजू आणि मग अचलपूरची बाजू अशा गेल्या दशकात दोन्ही बंद पडल्या. 2016 मध्ये मार्ग रुंद करण्याची आणि त्यासाठी सुमारे 1,500 कोटी रुपयांची घोषणा झाली. अचलपूर-परतवाड्याच्या लोकांनी तेव्हापासून अनेकदा धरणे धरले, निवेदने दिली. मी उभा होतो त्या दिवशी रुळांवर शेळ्या चरत होत्या.

फलाटाच्या टोकाला एका टपरीत साठी ओलांडलेल्या बाई चहा करतात. चहा चांगला, थोडा गोड. सोबत मिळणारी मुंगवडी गरम असेल तरच घ्यावी. त्यांना विचारले, ‘मावशी, गाडी होती तेव्हा धंदा जास्त होता का?’ त्यांनी पातेले खाली घेत सांगितले, ‘तवा गाडी लेट राहे ना भाऊ, म्हनून लोक च्या पेत. आता कोनी थांबतच नाही तं पेल कोन?’ गाडीच्या उशिरावर एक अख्खा संसार चालत होता, ही बाजू माझ्या तरी कधी लक्षात आली नव्हती.

रुंद मार्ग झालाच तर चिखलदऱ्याला त्याचा उपयोग होईल काय, याबद्दल मला शंका आहे आणि ती येथे नोंदवून ठेवतो. नागपूर-मुंबईचा प्रवासी आज बडनेरा किंवा अमरावतीला उतरून बसने परतवाड्याला येतो. अमरावती-नरखेड मार्गावरचे चांदूर बाजार हेही अचलपूरपासून फार दूर नाही. मूर्तिजापूरला गाडी बदलून अचलपूर, तेथून ऑटोने परतवाडा, तेथून घाटाची बस, असे तीन टप्पे कोणी आनंदाने स्वीकारील असे वाटत नाही. अचलपूरच्या गाडीच्या वेळेला जोडून फलाटाच्या बाहेर चिखलदऱ्याची बस उभी राहिली तरच हे जमेल. इतक्या वर्षांत तशी बस मी पाहिली नाही, आमच्या वडिलांनीही पाहिली नव्हती. खेड्यांतल्या प्रवाशांसाठी मात्र गाडी हवी, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट येथल्या माणसाला अकोला-मुंबईच्या वाटेवर सोडणारी स्वस्त गाडी हा त्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी चिखलदऱ्याचा आधार घेण्याची गरज नाही.

इतिहासाची आवड असलेल्यांसाठी हे स्टेशन पाहण्याजोगे आहे, इतरांचा मात्र येथे हिरमोड होईल. माहितीचा एकही फलक मला दिसला नाही, सावलीला एक कडुनिंब तेवढा आहे. लहान मुले बरोबर असतील तर पावसाळ्यात गवतात शिरू देऊ नये, साप असतात. ज्याला हा सगळा पट्टा एका धाग्यात पाहायचा असेल त्याने स्टेशनाबरोबर अचलपुरातली हौज कटोरा ही जुनी वास्तू पाहावी, आणि चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला तर चुकवूच नये. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो 15 डिसेंबर 1803 रोजी घेतला आणि पंधराच दिवसांनी, 30 डिसेंबरला, सुर्जी अंजनगावचा तह झाला. ज्या अंजनगावात शिंद्यांनी तहावर सही केली, त्याच अंजनगावातून पुढे इंग्रजांच्या कंपनीने कापूस उचलला, आणि आम्ही पोरे त्याच स्टेशनात फुटाणे विकत घेत असू.

जायचेच असेल तर चिखलदऱ्याला चढताना नव्हे, उतरताना जावे. चढताना घाटात धुके उतरण्याआधी वर पोहोचण्याची घाई असते आणि येथे पाय रेंगाळतो. उतरताना दुपारी चारच्या सुमारास पोहोचावे, ऊन डोंगराच्या बाजूने तिरपे येते आणि गवतातले रूळ तेवढ्या वेळापुरते चकाकतात. वरून खवा आणला असेल तर तो ऑटोत उन्हात ठेवू नये. माझा आंबला.